हेडरचे दोन फोल्डर

प्रिय आजीबाई,

बत्तिसाव्या वर्षीच तुला हे नाव पडलं ते तुझ्या किरकिरीमुळे, आणि ठेवलं मीच. सात वर्षांनी माझं पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी वाच.

ऑफिस तसंच आहे. अजून आपण लस थंड ठेवणाऱ्या पेट्यांचं तापमान नोंदवणारी यंत्रंच बनवतो. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर बसतो. भिंतीवरचा तुझ्या हातचा कागद मात्र कुणी काढला नाही: 'सी लायब्ररी ज्या कर्नल हेडरवर बांधली, तीच तिच्याशेजारी. नव्या कर्नलची वेगळ्या फोल्डरात.' तेव्हा मला ती नुसती तुझी किरकिर वाटायची. हेडर म्हणजे कर्नलकडे, यंत्राच्या मुळाशी चालणाऱ्या प्रणालीकडे, काय आणि कोणत्या मापात मागायचं याची यादी. प्रोग्रॅम मधल्या लायब्ररीकडे मागतो, लायब्ररी कर्नलकडे. नवा कर्नलही जुन्या यादीप्रमाणे मागितलेलं निमूट देतो, मग यादी बदलायची घाई कशाला, असं तू डबा उघडा ठेवून समजवायचीस. मी हो हो म्हणत तुझा डबा संपवायचे.

परवा इथे घोळ झाला. पन्नाशीचे एक काका वायरिंगमधून आमच्या कामात आलेत. नव्या कर्नलमधली एक सोय हवी म्हणून त्यांनी लायब्ररीशेजारचा हेडर फोल्डर बाजूला सारून तिथे नव्या फोल्डरची लिंक जोडली. सगळं बिनबोभाट कंपाइल झालं, तीच तर गोम. प्रोग्रॅम नव्या मापाने मागायला लागला, लायब्ररी जुन्याच मापात; चाचणीत तापमान भलतंच दिसू लागलं. मी ओरडायच्या आत काका उठून म्हणाले, "बाई, ती लिंक माझी. काल दुपारी मीच जोडली." जुना फोल्डर परत ठेवला, पुन्हा बांधणी केली, तासाभरात सगळं जाग्यावर. काका चहा घ्यायला गेले. मी मात्र खुर्चीतच बसून राहिले.

कारण सात वर्षांपूर्वी दवाखान्यांतल्या पेट्यांच्या नोंदी चुकल्या, खोकेच्या खोके लस फेकावी लागली आणि फोल्डर तुझ्या ताब्यातले म्हणून साहेबांनी तुला घरी बसवलं, तेव्हा अशीच लिंक मी जोडली होती. बोभाटा झाला त्याच दुपारी मी ती गुपचूप काढून टाकली. तू तीन दिवस स्वतःची चूक शोधत बसलीस आणि मी शेजारून तुला पाणी आणून देत होते. मला लाज वाटते गं, रोज वाटायची. आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. त्याची प्रत सोबत आहे, हवी तिथे दाखव. माझं काय करायचं ते सोमवारी ठरेल. जाताना तू दारात म्हणाली होतीस, "कुठे चुकले ते मी शोधून काढेन." मी तुला ओळखते, अजून शोधत असशील. आता थांब. तू कुठेच चुकली नव्हतीस.

तुझीच,
डबा संपवणारी