सूपाच्या फळ्यावरची वचनं

६ जानेवारी, सोमवार

बटाटे सोलून झाले होते. मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं होतं, पाव कापायचा राहिला होता. माझा नवरा गेदेओन शाळेचा बॉयलर पेटवायला खाली गेला होता. जाता जाता म्हणाला, "कडेचा तुकडा मला ठेव गं." ठेवला. मग माझ्यासोबत रांधणारी एटेल्का पायऱ्या चढून वर आली आणि तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आज सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं, कारण हेडमास्तर तिहामेर यांनी बॉयलरच्या खोलीवर पाटी ठोकली — नेहमी आनंदात राहा! गेदेओन जिथे पडला, बरोबर त्या दारावर.

आता शाळेत प्रत्येक दाराला वचन आहे. "आपलं रोजचं जगणं पवित्र शास्त्राभोवती फिरलं पाहिजे," असं त्यांनी प्रार्थनेत सांगितलं. संडासाच्या दारावर 'धीर धरा' आहे. तिथे निदान कामाचं तरी!

७ जानेवारी

माझ्या वाट्याला जेवणघराचा फळा आला. वर जेवण, खाली वचन. वचनं हेडमास्तरांनीच निवडून दिलीत. सगळी साखरेत घोळलेली.

मला ती नवी नाहीत. गेदेओनच्या मातीनंतर जो आला त्याने यातलंच एक दिलं. दारात उभ्यानेच, कोटसुद्धा न काढता. पुढे मी रस्त्यात दिसले की सगळे पलीकडच्या बाजूने जायचे. वचन पोचवलं, सुटलो!

९ जानेवारी

त्यांची वचनं ठेवली बाजूला. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन चुलीपाशी, माझं मीच. शास्त्रही पहिल्या पानापासून वाचलं, काही न गाळता. त्यामुळे त्यात आणखी काय काय आहे ते मला ठाऊक आहे.

आजचा फळा: बीनचं सूप, खसखस घातलेल्या शेवया. किती वेळ, देवा? कायमचाच विसरलास का मला?

खेळाचे मास्तर रांगेतून ओरडले, "बोरिश्कानेनी," — इथे मी सगळ्यांचीच नेनी, मावशी — "हे सूपाला उशीर झाला म्हणून का?" सगळी पोरं खिदळली. मीही हसले — किती दिवसांनी!

हेडमास्तर हसले नाहीत. "अहो, मुलं इथे जेवायला येतात!"

"स्तोत्रातलंच आहे. मी काही घरून नाही आणलं."

"उमेद देणारं लिहा."

लिहीन म्हटलं. कधी, ते नाही सांगितलं.

१३ जानेवारी

आजचा फळा: कोबी आणि भात. कण्हून कण्हून थकलो. रात्रभर उशी भिजते.

गाण्याच्या कोर्नेलियाबाई ताट घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या. नवरा सोडून गेल्यापासून त्या इथे कुणाशी चार शब्द बोलत नाहीत. भात निवला तरी हलेनात. मग हळूच म्हणाल्या, "नेनी, उद्याही असंच लिहाल ना?"

लिहिणार. आता कुणी कितीही नाक मुरडो.

१५ जानेवारी

एटेल्का म्हणते, "तुझ्या फळ्यामुळे माझी भूक वाढली." तिची भूक वाढायला फळ्याची गरज कधीपासून?

१६ जानेवारी

फळा गेला! सोमवारपासून सहावीच्या मुली लिहिणार, रंगीत खडूंनी. फुलंही काढणार.

"शाळेत रडकं वातावरण नको," हेडमास्तर म्हणाले. "घरी एम्योकेचे दिवस भरत आलेत, झोप नाही, त्यात तुमची ही कटकट!"

"मग तेवढी पानं फाडूनच टाका ना. पुस्तक हलकं होईल. पोरांच्या दप्तराचं ओझंही कमी."

कानापर्यंत लाल झाले. "तुमचं दुःख मला कळतं, बोरिश्कानेनी—"

"नाही कळत."

आणि नाहीच कळत. पहिलं मूल यायचंय त्यांना, शिट्ट्या मारत जिना चढतात. त्यांना कुठून कळणार! पण मग कोर्नेलियाबाईंनी कुठे बघायचं? मी कुठे बघायचं?

उद्याचा एक दिवस माझा आहे. सगळ्यात काळं वचन शोधून ठेवलंय. एवढं काळं की पांढरा खडू त्याला पुरायचा नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

खडू हातात होता. एटेल्का आली, स्टुलावर बसली. "हेडमास्तरांचं बाळ गेलं. पोटातच. रात्री दवाखान्यात नेलं होतं एम्योकेला."

दुपारपर्यंत मास्तरांच्या खोलीत त्या दोघांसाठी वचनं गोळा झाली. गुलाबी कागद, निळे कागद, वर फिती. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्यापुढेही कागद सरकवला. "नेनी, तुम्हाला तर इतकी पाठ आहेत, एखादं छानसं द्या!"

मी काही लिहिलं नाही. फळ्यावर 'वाटाण्याचं सूप' एवढंच लिहिलं. खाली काही नाही. जे शोधून ठेवलं होतं ते अगदी तिहामेरच्या दुःखाच्याच मापाचं होतं. म्हणूनच हात उचलला नाही.

१८ जानेवारी

तिहामेरच्या घरी गेले. एम्योके आतल्या खोलीत झोपली होती. तो स्वयंपाकघरात एकटाच होता, त्याच्या शेजारी बसले, अंधार पडेपर्यंत. त्याने एकदा एक वचन म्हणायला घेतलं. अर्ध्यावर अडखळला. पुढचं मला पाठ होतं. मी म्हटलं नाही.