गहू वर्ज्य

सोमवार, १२ जून २००६

गहू बंद! आजपासून. जन्मभर!

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत सांगितलं. अमेरिकेत वाईट बातमी हसूनच सांगायची पद्धत आहे. सिलिऍक नावाचा आजार आहे म्हणे. गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्याला सोसत नाही आणि आतड्याचं अस्तर पार झिजलंय. गोळी नाही, ऑपरेशन नाही, फक्त खायचं नाही. गेली चार वर्षं पोट फुगतंय, हिमोग्लोबिन उतरतंय, पँट कमरेवर राहत नाही – हे सगळं माझ्या पोळीनं केलं! जवही बंद, म्हणजे बिअर पण गेली. "ऑक्टोबरात पुन्हा रक्त तपासू. सुधारणा नसेल तर स्टेरॉइड." हेही हसूनच.

घरी बायको-मुलीला सांगितलं. रेणूनं लगेच कॉम्प्युटर उघडला. आश्लेषा म्हणाली, "नो पिझ्झा? लाइक, एव्हर?" आणि तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी! अकराव्या वर्षी याहून मोठं दुःख माहीत नसतं. आई पोळ्या लाटत होती. मे महिन्यात कोल्हापूरहून आलीय, सहा महिन्यांसाठी. लाटणं हातात तसंच. "नवसाचं पोर माझं! त्याच्या ताटातली पोळी काढणारी ही बाई कोण लागून गेली?"

नवसाचं पोर! एकोणचाळीस वर्षांचा आहे मी. गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतो. देवाशी माझं भांडण कॉलेजपासूनचं. तरी हिचं हे चालूच. कसला नवस, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं की अर्धा तास जातो.

बुधवार, १४ जून

आईला पुन्हा समजावलं. गहू नाही, मैदा नाही. "कळलं की रे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" संध्याकाळी ताटात रव्याचा शिरा.

शनिवार, १७ जून

रेणूनं फार्मिंग्टनमध्ये एक बेकरी शोधून काढली. सगळं बिनगव्हाचं! मालकीणबाई डॉना. तिच्या मुलाला हाच आजार, म्हणून तिनं दुकान काढलं. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "नवीन ना तू? चेहऱ्यावर दिसतं."

ब्रेड घेतला. उचलताना मनगट लचकलं. ब्रेकपॅड म्हणून टेस्टला लावला तर पास होईल. पण लिंबाचा केक! तांदळाचं पीठ, बदामाची पूड, वर आंबटगोड साखर. पार्किंगमध्ये गाडीत बसूनच दोन तुकडे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं. लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय!

आईलाही दिला. "बरा आहे. पण केकात लिंबू कशाला?" असं म्हणत तीन तुकडे. तिचं पोट आठ दिवस बिघडलेलं होतं – मिशिगनचं पाणी म्हणे. कोल्हापुरात असताना कोल्हापूरचं पाणी असायचं.

रविवार, २५ जून

महाराष्ट्र मंडळाचं पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मी माझा डबा घेऊन कोपऱ्यात. सल्ल्यांचा पाऊस. एक काका : "खपली गहू खा, तो चालतो." दुसरे : "सगळं मनाचं असतं." एक बाई : "मलापण आहे हो! मला वांग्यानं होतं."

मला शिव्या येतात, पण मराठीत. आणि तिथं सगळ्यांनाच मराठी येत होतं.

रविवार, २ जुलै

मालिनीकाकू सापडल्या! पाच मैलांवर राहतात, घरातूनच डबे देतात. काका गेल्यावर सुरू केलं, आता तीस-पस्तीस डबे जातात. मी माझी कर्मकहाणी सांगितली. "अरे, एवढंच ना? गव्हाला तुझ्या डब्याच्या वाऱ्याला उभं करणार नाही!"

पहिला डबा : ज्वारीची भाकरी, झुणका, आमटी, ठेचा. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि दोन भाकऱ्या संपल्यावरच मान वर केली. हा आजार आधीच का नाही झाला? चार वर्षं उगाच पोळ्या खात बसलो!

बुधवार, १२ जुलै

पुन्हा पोट. रात्रभर. काल भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी-भात. यात गहू कुठं आलाय?

बुधवार, १९ जुलै

वजन आणखी चार पौंड उतरलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मिस्टर जोशीलकर, काही लोक अधूनमधून थोडं खातात. खरं सांगितलंत तरी चालेल."

म्हणजे मी चोरून पोळ्या खातो! या वयात! घरी आलो तर रेणूपण विचारते, "ऑफिसात डोनट्स असतात ना रे शुक्रवारी?" मी चिडून जेवलोच नाही. आईनं देवीपुढं साखर ठेवली. हिची अंबाबाई कोल्हापूरहून बॅगेत आलीय, क्लोजेटमध्ये चपलांच्या वरच्या फळीवर बसते. आई म्हणाली, "ती बघून घेईल." म्हटलं, तिला सांग, ऑक्टोबरच्या आत बघ, नाहीतर स्टेरॉइड आहे.

चेष्टा केली खरी. पण भीती वाटते. माझ्यानंतर आश्लेषा आहे, घर आहे. झिजत चाललेला माणूस कुणाला काय सांभाळणार?

सोमवार, ३१ जुलै

श्रावणी सोमवार. आईचा उपवास. त्यात नवल नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थ्या आणि एकादश्या. दर चार वर्षांनी एखादा देव वाढवते. मी म्हणायचो, आई, जेवायचे वार सांग, ते लक्षात ठेवायला सोपे.

आज घोळ झाला. काकूंनी घरातल्या सगळ्यांनाच उपवासाचा डबा पाठवला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. मुकाट्यानं खाल्लं. मी, श्रीरंग, नास्तिक, श्रावणी सोमवार! आश्लेषा म्हणे, "बाबा, आर यू रिलिजस नाऊ?"

आणि पोट दिवसभर शांत. ढेकरसुद्धा नाही!

मंगळवार, १ ऑगस्ट

नेहमीचा डबा. नेहमीचं पोट.

मंगळवार, ८ ऑगस्ट

गेल्या गुरुवारी, शनिवारी आणि काल आईच्या जोडीनं मुद्दाम उपवासाचंच खाल्लं. तिन्ही दिवस ठणठणीत. मधले सगळे दिवस बेकार.

ऑफिसात ब्रेक किंचाळायला लागला की आम्ही चांगला पार्ट आणि वाईट पार्ट शेजारी ठेवतो. यात आहे आणि त्यात नाही असं काय, ते शोधायचं. एवढंच काम, त्याचा पगार मिळतो. मग डब्यांना तेच का करू नये? कागद घेऊन बसलो. उपवासाला हळद चालत नाही, मोहरी चालत नाही, हिंग चालत नाही. आमच्या स्वयंपाकघरातले डबे काढले. हळदीत हळद. मोहरीत मोहरी. हिंगाची डबी – भिंग घेऊन वाचली. त्यात आधी गव्हाचं पीठ, मग डिंक आणि शेवटी जाता जाता हिंग!

हिंग! आमटीत हिंग, झुणक्यात हिंग, दोडक्यात हिंग. आम्ही तो पोटासाठी चांगला म्हणून घालतो!

तसाच काकूंकडे गेलो. त्यांच्याकडेही तोच पिवळा हिंग, कोल्हापूरच्या घरी असायचा तसाच. डबी दाखवली. काकूंनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसल्या. "मीच तुला महिनाभर घालत होते रे?" रडायलाच लागल्या. मी म्हटलं, काकू, तुमची काय चूक? आमच्या घरातही तीच डबी आहे. पण त्या ऐकेनात. डबी उचलून कचऱ्यात टाकली, फोडणीचा चमचासुद्धा टाकला. मला त्यांची फार माया वाटली.

रविवार, २७ ऑगस्ट

गणपती. काकूंचे उकडीचे मोदक – तांदळाचे, निर्धास्त! नऊ खाल्ले. मंडळातले ते खपली गहूवाले काका माझ्या हातातला राजगिऱ्याचा लाडू बघून गहिवरले. "श्रीरंग, देवाकडे वळलात. बरं वाटलं." रेणू तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

डॉनालाही दोन लाडू नेऊन दिले. तिनं डोळे मिटून खाल्ले आणि काकूंचा फोन नंबर मागितला. आता शनिवारी तिच्या काउंटरवर लाडू मिळतात. लिंबाच्या केकशेजारी. काकूंनी नवी साडी नेसून स्वतः बरणी ठेवली.

मंगळवार, १२ सप्टेंबर

तीन पौंड वाढलो! जुना बेल्ट पुन्हा जुन्या भोकावर.

मंगळवार, २६ सप्टेंबर

नवरात्र. आईचे नऊ दिवस कडक. आज ऑफिसातून आलो तर आई बॅकयार्डात पानं गोळा करत होती. अंगावर माझं जॅकेट, पायात आश्लेषाचे बूट, हातात दांडा. सत्तरी जवळ आलेली बाई. गेल्या आठवड्यात जिना चढताना दोनदा बसली होती!

"आई, ठेव ते. दमशील."

"दमतेय कुठली? नवरात्रात मी कधी आजारी पडलेय का रे? नऊ दिवस देवी अंगात बळ देते बघ."

मी नेहमीसारखा हसलो. मग हसू थांबलं.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी बरंच असतं. गुरुवारी, शनिवारी पण. म्हणून तर वार वाढवले. देवाचं केलं की पोट गप बसतं."

जेवायच्या टेबलावर हिंग शोधल्याचा तो कागद अजून तसाच होता. चांगले दिवस एका बाजूला, वाईट दिवस दुसऱ्या बाजूला. आणि तिचं पाणी! कोल्हापूरचं पाणी, पुण्याचं पाणी, मिशिगनचं पाणी. चाळीस वर्षं तिचं पोट दुखतंय आणि मी चाळीस वर्षं उपवासांवर विनोद करतोय. दोन डब्यांतला फरक शोधणारा शहाणा मी! शेजारी बसलेली आई दिसली नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर

दसरा. उद्या दोघांचंही रक्त द्यायचंय. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलंय, तपासणीपर्यंत आईचा गहू बंद करू नका, नाहीतर आजार लपतो. म्हणून पुरणपोळी मुकाट्यानं तिच्या ताटात वाढली. मी स्वतः! वर तूप. "तू खात नाहीस, मग मला कसली गोड लागणार?" असं म्हणत दोन खाल्ल्या. पोळी म्हणजे तिचा जीव. लहानपणी आम्हाला वाढून झाल्यावर शेवटची, तव्यावरची गरम पोळी गूळ-तुपाबरोबर खायची, ती कुणाला द्यायची नाही.

संध्याकाळी आडवी झाली. "पाणी बाधलं."

मी पाय चेपत बसलो.

मंगळवार, १० ऑक्टोबर

माझा रक्तातल्या अँटिबॉडीचा आकडा निम्म्यावर आला! स्टेरॉइड रद्द. डॉक्टरीणबाई खऱ्याखुऱ्या हसल्या. डॉनाकडून लिंबाचा केक आणला.

आईच्या निकालाबद्दल फोनवर बोलल्या नाहीत. "गुरुवारी त्यांना घेऊन या."

गुरुवार, १२ ऑक्टोबर

आईचा आकडा माझ्यापेक्षा मोठा. आईला इंग्रजी नाही, म्हणून भाषांतराला मी मध्ये बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी गर्भ पडले होते का? या आजारात पडतात. मी मान खाली घालून विचारलं. आई म्हणाली, "दोन. तुला कधी सांगितलं नाही. मग तू झालास, नवसाचा."

एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं : "काय नवस बोलली होतीस गं?"

"सगळ्यात आवडतं ते सोडायचं असतं देवीसाठी. गहू सोडला होता. तू होईपर्यंत कण घेतला नाही."

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आई काय म्हणाली ते सांगा म्हणून. मी भाषांतर केलं : दोन गेले, मग तिनं गहू सोडला, मग मी झालो.