पाटकऱ्याचं शेत शेवटी

नवागाम, सुरत
एप्रिल १९९६

प्रिय रुक्मिणी,

तू गावची पाटकरी झाल्याची कीर्ती आमच्या खोलीपर्यंत पोचली. रविवारी लूम बंद, म्हणून गावचे सगळे पुरुष इथंच जमले. पाट तिकडे पांझरेकाठी, चिंता इकडे सुरतेत! शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं काम बाईच्या हाती गेलं, म्हणजे गावाची अब्रूच गेली म्हणे. गावात पुरुष उरलेत किती, हे कोणी विचारलं नाही.

हिलालआबा सगळ्यांत तापलेले. “बाईमाणूस कुदळ घेऊन पाटावर हिंडते, शोभतं का?” मी चहा देता देता म्हटलं, “आबा, तुमची सून तिच्याच बरोबर पाटातला गाळ काढते की!” आबांनी बशीत तोंड घातलं.

खरी पोटदुखी तुझ्या जेठांची, म्हणजे आमच्या ह्यांची. पाटकऱ्याच्या शेताला पाणी सगळ्यांत शेवटी, हा गावचा जुना रिवाज. तू तो पाळलास, आणि आपल्या सामाईक शेतातला कडेचा हरभरा वाळला. “घरची बाई पाटकरी आणि घरचंच शेत कोरडं?” म्हणून पुरुषच नेमायचा ठरला. आबांनी मोठ्या मनानं स्वतःचं नाव सुचवलं. मी विचारलं, “मग आता आबांचं शेत शेवटी ना?” लगेच आबांचा गुडघा दुखायला लागला. बाकीच्यांनाही एकाएकी कामं आठवली.

शेवटी हेच छाती काढून म्हणाले, “मी होतो पाटकरी. रिवाजच बदलतो, पाटकऱ्याचं शेत आधी!” सगळ्यांनी माना डोलावल्या, उद्या आपलाही नंबर लागेल, हा हिशेब. तेवढ्यात तुझा वाल्मिक, जो माझ्याकडे मीठसुद्धा मागत नाही, तो म्हणाला, “दादा, असं झालं तर पाटाच्या टोकाच्या सुंदराकाकूंच्या शेतात पाणी पोचेल का?” नवऱ्यावर फार रागावत जाऊ नकोस.

आता मुद्द्याचं. आखाजीच्या सणाच्या गावबैठकीत हे तुझ्याविरुद्ध उभे राहणार आहेत. सासूबाईंनी ते शेत आपल्या दोघींच्या नावावर केलंय, तेव्हा बैठकीत माझाही शब्द चालतो. दर आखाजीला मी माहेरी झोके घ्यायला जाते. या वर्षी आईला कळवलंय, येत नाही, सासरी चाललेय. आपलं शेत शेवटीच भिजेल, हे मी उभी राहून सांगणार आहे. तू कुदळ खाली ठेवू नकोस. ह्यांनी हौसेनं माझंही तिकीट काढलंय. त्यांना वाटतंय, मी त्यांच्या बाजूनं हात वर करायला येतेय.

तुझीच, तोंडाळ जाऊ,
अनुसया