देवघरातली बॅटरी

घनसावंगी, मंगळवार, १९९३

जीपची बॅटरी देवघरातच चार्जिंगला लावली, घरात प्लग तेवढा एकच. बारीक बुडबुडत होती. मिस्त्रीनं बजावल्तं, चार्जिंगला गॅस निघतो, जवळ दिवा नको, बॅटरी फुटंल.

दिवेलागणीला माय वात घेऊन आली.

"माय, आज इथं दिवा न्हाई लावायचा."

"मंग देव अंधारात ठेवू?"

 बॅटरी काढावी तर सकाळी जीप चालू व्हायची न्हाई.

मायनं देव ताटात घेतले, ओसरीवर मांडले, तिथं दिवा लावला. म्हणली, "बॅटरीपेक्षा हलके हायेत."

बराबर झालं का हे? जेवायच्या आधी आत गेलो, रिकाम्या देव्हाऱ्यापुढं सवयीनं हात जोडले. खाली बॅटरी बुडबुडतच होती.

पाया पडलो तरी कुणाच्या?