बिनबा दरवाजाजवळचा पाठमोरा माणूस

मु. हिवरधरा, ता. मारेगाव
६ एप्रिल २००६

चिरंजीव संघदीपले आजी मैनाबाईचा जय भीम, अन् गालाचे दोन पापे.

पहिले हे सांग, आजी नावाचं एक मानूस तुह्या घरी हाय, हे ध्यानात हाय का चांद्याच्या हवेनं तेवढंही उडालं? दसऱ्याले येतो म्हनला, नाई आला. संक्रांतीले म्हनला, नाई आला. शाळेत जातानी पाटी इसरत होता, तवा मी मागून पळत नेऊन देत होती. आता आजीच इसरला, तर मले कोन आनून देईन तुह्याकडं?

हे पत्र अंगणवाडीच्या उर्वशीबाई लिहून राह्यल्या. तुह्या बहिनीले, मोनालीले, काहून नाई सांगतलं ते पुढं कळीन. बाईले म्हटलं, मी बोलीन तसंच लिहा, सुधरवू नका. पन हात शिवशिवते त्यायचा.

घरी बरं हाय. तुही माय नलू गुडघे दाबत दाबत आश्रमशाळेत पोळ्या लाटाले जाते. शेजारच्या घनश्यामचा कापूस अजून ओसरीतच पडून हाय. भाव येईन म्हने. भाव नाई आला, मांजर मात्र त्याच्यावर व्याली. मोनालीचं लग्न बुद्धपौर्णिमेले पक्कं. कळंबचा पोरगा हाय, बोलते कमी, खाते बरा.

तुहे फोटो भेटले, दहाच्या दहा. चांद्याचे दरवाजे अन् परकोट, सूर्य निघतानी पाच अन् बुडतानी पाच. गल्लीतली शकुबाई म्हनते, "एवढ्या दूर जाऊन दगडाचे फोटो कायले? आपल्या वावरात कमी हायत का?" मी म्हटलं, "माह्या नातवाले सरकार जुने दगडं पाहाचा पगार देते. तुहा पोरगा तं फुकटच पाहून राह्यला." उठूनच गेली.

चांदा शहर मले नवं नाई. छप्पन साली चांद्यालेही दीक्षा झाली, तवा गेलतो, मी नवी सून होती. दोन राती बंडी हाकली अन् सकाळी बिनबा दरवाजाशी पोहचलो, तं सूर्य कमानीतून सरळ बैलाच्या डोळ्यात. बैल अडून बसला. तुह्या आज्यानं धोतराचा सोगा त्याच्या डोळ्यावर धरून चालवला.

म्हनून तुले इचारतो. बिनबा दरवाजाच्या फोटोमागं तू 'सूर्यास्त' लिहिलं, असं मोनालीनं वाचलं. कमानीतून ऊन आलं हाय, तूप सांडल्यावानी. आमाले तं ते सकाळी दिसलं होतं. पन आमी बाहेरून आत चाललो होतो. तू आत उभा होता का बाहेर? दहा फोटो एका जागी ठेवून मागचं लिहितानी गडबड केली का? का मीच पन्नास वर्षांत दरवाजा फिरवून ठेवला? मले काईच समजून नाई राह्यलं.

सकाळ का सांज, हे कायले पाहिजे? कारन त्या फोटोत एक मानूस हाय. नखाएवढा. हातगाड्याले टेकून बसला हाय, पाठमोरा. तोंडावर दुपट्टा बांधला हाय. कापसाच्या जिनिंगमधले सारे तसाच बांधते, रुईचा फुफाटा नाकात जाते म्हनून. पन गाठ सारे डोक्यामागं मारते. डाव्या कानाखाली गाठ मारनारा मी एकच जन्माले घातला.

तुहा बाप. धम्मरत्न.

तू काढला अन् तुले दिसला नाई. रागावत नाई मी. तू दगडावरचं ऊन पाहून राह्यलता, अन् तो घरून गेल्याले चार वर्षं झाली, त्याची पाठही वाकली असन.

आता म्हनशीन, आजी, तोच कशावरून? तेच तं. घनश्यामचं भिंग आनलं, तं मानूस मोठा झाला अन् ओळख पुसट झाली. सकाळी पाहो तं माहा लेक, दुपारी पाहो तं कोनी परका. काल तं मले ते मानूसच नाई, पोतं वाटलं. फोटो मी चंचीत ठेवला हाय, सुपारीसंगं. घरात कोनाले बोलली नाई.

काहून नाई बोलली ते आयक. कळंबच्या पोराचे मामा पंजाबराव लग्नपत्रिकेचा मजकूर घ्याले आलते. इचारलं, "मोनालीच्या बापाच्या नावापुढं काय छापाचं?" मेलेल्या मानसाच्या नावापुढं आपल्यात कालकथित लिहिते. नलू पाटावर बसली होती, मान वर न करता म्हनली, "कालकथित छापा." कोनी रडलं नाई. मीही मान हालवली.

चौदाची जयंती झाली का सतरा तारखेले, सोमवारी, पत्रिका छापाले जाते. तो जिता असला अन् तीनशे घरी त्याले मेलेला म्हनून वाटला, तं तो कोन्या तोंडानं गावात येईन? अन् मी छपाई अडवली अन् तो कोनी दुसराच निघाला तं? नलू चार वर्षांनी आता कुठं झोपाले लागली. तिले कायच्या जोरावर उठवू?

म्हनून सकाळी जाय अन् सांजीही जाय, दोन्ही टाईम. मागून हाक मारू नको. डबा घेऊन बाजूले बस अन् जेवाले बोलाव. जेवाले दुपट्टा सोडाच लागीन, तवा तोंड पाहून घेजो.

तोच असला तं त्याले एक सांगजो. जिनिंग बंद पडली अन् तो काम पाहाले निघाला, त्या दिवशी मी दारात होती. म्हटलं, "रिकाम्या हातानं आला तं दाराशी उभा नाई करीन हो." हसून म्हटलं. तुले मालूम हाय, मी गाईच्या वासरालेही टोमना मारतो. तोही हसला. पन त्यानं हसू नेलं का शब्द नेला, हे मले आजही मालूम नाई. नलूले हे कधी सांगतलं नाई. उर्वशीबाईचा पेन थांबला आता. लिहा म्हटलं, तेच लिहा. त्याले म्हन, आजी थट्टा करत होती. अन् थट्टा नसन वाटत, तं म्हन, चुकली.

दारात बोलून बसलेली, तुही आजी
मैनाबाई (डाव्या हाताचा अंगठा)

ता. क. जवाब कागदावर नको, घरची पत्रं मोनालीच वाचते. फोन घनश्यामच्या दुकानात, तिथं सारं गाव उभं राह्यते. वनीच्या गाडीच्या देवीलाल ड्रायव्हरच्या हाती खाऊ पाठव, सतराच्या सोमवारच्या आत. फोटोतला मानूस तुहा बाप नसला तं खारे फुटाने पाठव, मले दात नाई, गल्लीत वाटून टाकीन. तोच असला अन् येतो म्हनला तं पेढे. तोच असला अन् येत नाई म्हनला, तरी गूळ पाठव, जिता तं हाय. चांगली ढेप पाठव, नलूले पुरला पाहिजे.