सहा वाजताचं पाणी

प्रिय शंकासुरा,

आपल्या अबोल्याला दीड वर्ष झालं. फोन केला असता तर तू उचलला असतास की नाही कोण जाणे, आणि उचलला असतास तरी मीच काहीतरी वाकडं बोलून बसले असते. म्हणून पत्र. माझं अक्षर बदललेलं नाही, तुमच्या डॉक्टरी अक्षरासारखं औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घ्यावं लागणार नाही. तेव्हा कपाळावर आठ्या न घालता शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं ठीक चाललंय. तुझे भावोजी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलंय, आणि आत रवा आहे. असू दे, माणूस आनंदात आहे. वॉर्डाला नवा रंग दिलाय, फिकट हिरवा. आमच्या वॉर्डातल्या मावशी आजी झाल्या आणि तेव्हापासून सगळ्या रुग्णांना ‘बाळा’ म्हणतात, सत्तरीच्या माणसालासुद्धा.

परवा माळा आवरताना तुझी शाळेतली तापमानाची वही सापडली. आठवते? महिनाभर रोज सकाळी अंगणातला थर्मामीटर बघून आकडा लिहायचा होता. मधेच तुला गोवर आला. चार दिवस खाडा पडला. आई कामावर, तू तापाने फणफणलेला, आणि वही सोमवारी द्यायची. मी चार आकडे अंदाजाने लिहून टाकले. इतके झकास जमले होते की कुणाच्या बापाला कळलं नसतं. तू बरा झालास, वही उघडलीस आणि भोकाड पसरलंस. हे मी बघितलं नाही, मी बघितलं नाही, एवढंच म्हणत होतास. खोडरबराने चारही आकडे खोडलेस, कागदाला भोक पडेपर्यंत. गुण कमी पडले ते पडलेच. ती भोकं अजून आहेत. माझा भाऊ कसा आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण नाही कळलं. तू रुग्ण बघणं सोडून त्या देशभरातल्या रुग्णालयांच्या जाळ्यात कामाला लागलास, तेव्हा लोक विचारायचे, भाऊ नेमकं करतो काय. मी सांगायचे, संशोधनात जे सिद्ध झालंय ते पुस्तकात पडून राहतं, रुग्णाच्या पलंगापर्यंत यायला वीस वर्षं लागतात, माझा भाऊ ती वीस वर्षं कमी करतो. सांगताना ऊर भरून यायचा रे. मग तुमचं पहिलं काम आमच्याच वॉर्डात आलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून रुग्णाला पाण्याच्या थेंबाविना ठेवण्याची गरज नाही, भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, डॉक्टरांनी ज्यांना मनाई केली असेल तेवढे वगळून. रोज सकाळी सहाला एकेक पेला द्यायचा आणि तक्त्यात खूण करायची.

खरं सांगते, मला ते पटलंच नव्हतं. शिकाऊ असताना एका बाईंना ऑपरेशनच्या टेबलावर उलटी झाली होती, आणि पाणी कुणी दिलं म्हणून मोठ्या सिस्टरांनी मला सगळ्यांसमोर उभी-आडवी झापली होती. तेव्हापासून तीस वर्षं मी रात्रीच्या जेवणानंतर तांबे गोळा करून कपाटात घालते आणि किल्ली कमरेला लावते. ती सवय एका परिपत्रकाने कशी सुटेल? पण काम तर भावाचं. मग मी मधला मार्ग काढला. तांबे कपाटात आणि खुणा तक्त्यात. तीन महिने एक चौकट रिकामी ठेवली नाही. देशभरात आपलं रुग्णालय पहिलं आलं, तुला मोठ्या सभेत बोलायला बोलावलं. मला वाटलं, बहीण असावी तर अशी.

आणि सभेच्या आधी तू वॉर्ड बघायला आलास. दुपारचे पावणेदोन. सात नंबरच्या पलंगावर ते घड्याळदुरुस्तीवाले होते, त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या यादीत चौथे, त्यांची पाळी लांबत लांबत गेलेली. तू विचारलंस, पाणी कधी प्यायलात. घड्याळजीच तो, त्याने मिनिटासकट सांगितलं, सोळा तास चाळीस मिनिटांपूर्वी. जिभेने ओठ ओले करत, जराही तक्रार न करता. तू तक्ता बघितलास. सातच्या पुढे सहा वाजताची माझी ठसठशीत खूण होती. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तांबे कुठे आहेत एवढंच विचारलंस, आणि मी कमरेची किल्ली काढली. संध्याकाळपर्यंत तू आमचे तिन्ही महिन्यांचे आकडे मागे घेतलेस. मी केलेला चहा तसाच टेबलावर राहिला.

मी चिडले. कितीतरी दिवस धुमसत होते. ज्याच्यासाठी केलं त्यानेच तोंडघशी पाडलं, असं तुझ्या भावोजींना रोज ऐकवायचे. ते बिचारे डबे पुसत ऐकायचे.

मग एके दिवशी घड्याळजी टाके दाखवायला आले. वॉर्डाच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, सिस्टर, तुमचं घड्याळ आणि ऑपरेशन थिएटरचं घड्याळ यांत आठ मिनिटांचा फरक आहे, पडल्या पडल्या मला तेवढंच काम होतं. स्टुलावर चढून त्यांनी आमचं घड्याळ उतरवलं, थिएटरबाहेरच्याशी लावून दिलं आणि चहासुद्धा न घेता गेले. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी एक तांबा बाहेर ठेवला. एकच.

खरी गोची पाण्याची नव्हतीच, यादीची होती. तिसरा रुग्ण अचानक पहिला होतो, म्हणून आम्ही सगळ्यांनाच कोरडं ठेवायचो. मग थिएटरच्या सिस्टरशी, म्हणजे माझ्या जुन्या मैत्रिणीशी आणि जुन्या वैरिणीशी, चार वेळा भांडून मी ठरवून घेतलं: यादी आदल्या संध्याकाळी पक्की, आणि उशीर होणार असेल तर तिने वॉर्डाला फोन करायचा. मोठे सर्जन गुरगुरले, ऑपरेशनं रद्द होतील म्हणाले. आजवर एकही झालं नाही. उलट रुग्णांची डोकेदुखी कमी झाली, आणि मावशी म्हणतात, बाळांची किरकिरही.

आता एक गंमत. तुमच्या देशभरच्या तक्त्यात रुग्णालयांची नावं झाकून नंबर असतात ना? गेल्या वर्षी नव्याने नोंदलेलं बेचाळीस नंबरचं रुग्णालय म्हणजे पुन्हा आम्हीच. पहिल्या आठवड्यात एकोणीस रुग्णांपैकी तिघांनाच वेळेवर पाणी मिळालं. तेवढंच लिहिलं. उरलेल्या सोळा चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि प्रत्येकीचं कारण खाली लिहिलं: यादी बदलली, फोन आला नाही, मी विसरले. तुमच्या मासिक पत्रकात कुणीतरी लिहिलं होतं, की बेचाळीस नंबरने रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवल्या, इतरांनी हे शिकावं. तो कुणीतरी कोण, ते मला पहिल्या ओळीतच कळलं. तो कागद मी कापून कपाटात लावलाय, जिथे तांबे असायचे तिथे. गेल्या महिन्यात आम्ही साठ रुग्णालयांत अडतिसावे आलो. पहिलं आल्यावर झाला नव्हता इतका आनंद झाला.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे, याच वॉर्डात. घाबरू नकोस, पित्ताशयात खडे झालेत, बाकी काही नाही. साडेआठला यादीत पहिली मीच. पलंग मुद्दाम सात नंबरचा मागून घेतलाय. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पाण्याला होकार दिलाय, आणि तरी ती टेबलावरची बाई मला अजून दिसते. पण तुझ्यावर माझा त्या भीतीहून जास्त विश्वास आहे, हे तोंडाने सांगायला मला जमलं नसतं. सहा वाजता ये. पेला तू भरून दे, मी तुझ्यासमोर पिते. आणि सातच्या पुढची खूण तूच कर, तुझ्या डोळ्यांनी बघून.

तुझीच,
बेचाळीस नंबरची ताई