नेढ्यावरचा ढग

मुरलीपुरा, जयपूर

प्रिय सुधाताई,

आपल्या कॉन्व्हेंटच्या स्कर्टची उसवलेली कड शिवायला आई बसली, की सुईत दोरा कोणी ओवायचा यावरून आपण भांडायचो. "नेढ्यावर ढग बसलाय गं," ती म्हणायची आणि आपण खिदळायचो. पुढे तिला आपले चेहरेही दिसेनासे झाले.

हे गेल्यापासून संध्याकाळी दुर्बीणच माझी सोबत. गेल्या आठवड्यात तिच्यात एक पुसट ठिपका दिसला. ताऱ्यांच्या नकाशात तिथे काहीच नव्हतं. नवा धूमकेतू! मी वेड्यासारखी हरखले. पण धूमकेतू ताऱ्यांमधून हळूहळू सरकतो. हा मी नजर वळवीन तिकडे यायचा. आज डावा डोळा लावून पाहिलं. तारे होते, ठिपका नव्हता. मग दुर्बीण सोडून उजव्या डोळ्याने गल्लीतल्या दिव्याकडे पाहिलं. ठिपका दिव्यावर बसला होता.

शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या शर्मिलाजी ओरडल्या, "विभाजी, मिला आपका पूँछवाला तारा? नाम हमारा ही रखना!"

"बादल आ गए," मी म्हटलं. आभाळ निरभ्र होतं.

ताई, डॉक्टरकडे जायला पाय उचलत नाही. हे पत्रही तुला पाठवणार नाही, भिंगांच्या डब्यात ठेवते. कधी हाती लागलंच तर दुर्बीण तुझ्या नातीला, ऋचाला दे. कॅमेरा तिच्या भावाला, तन्मयला. पुस्तकं शाळेच्या सिस्टरांना पाठव.

मला कोणाकडे ठेवायचं, ते लिहायला हात धजत नाही.

तुझी धाकटी,
विभा